काडतूस घरी भरावे काय?



कापसाचा भाव, पीकविमा, वीजबिल हे विषय संपले की अलीकडे बैठकीत एक नवा प्रश्न हमखास निघतो. पीकसंरक्षणाची बंदूक बाळगणारे दोन-चार जण प्रत्येक भागात आहेतच. ते म्हणतात, काडतूस वेळेवर मिळत नाही, मिळाले तर भाव परवडत नाही. अमेरिकेत म्हणे माणसं पडवीत टेबल मांडून रायफलीची काडतुसं स्वतःच भरतात, मोबाइलवर सगळं दिसतं. मग आपण का भरू नये?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्वारी निसवली, कणसात दूध भरलं की डुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर लोळवून जातो. कापसाची हिरवी बोंडं रोही खातात आणि खातात त्यापेक्षा जास्त तुडवतात. कोरडवाहूचा शेतकरी एकदाच पेरतो, एकदाच कापतो. नासाडी झाली तर त्याला दुसरं पाणी नाही आणि दुसरा हंगामही नाही. कित्येकांनी ज्वारी सोडली ती भावामुळे तर सोडलीच, पण जागल करून कंबर मोडली म्हणूनही सोडली. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गोठ्यातली जनावरं गेली. अशा माणसाने काडतुसाचा विचार केला तर त्याला कुणी गुंड म्हणू नये.

तरीही आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. घरी काडतूस भरू नये. का भरू नये, आणि मग काय करावं, याचा खुलासा पुढे आहे. नुसतं ‘नको’ म्हणून गप्प बसवण्याचं काम सरकार करतंच, ते आम्ही कशाला करावं?

काडतूस भरतात म्हणजे काय करतात?

काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, आत बारूद आणि तोंडाशी गोळी. घोडा ओढला की पिन टोपीवर आपटते, टोपीची ठिणगी बारुदीला लागते, वायूच्या दाबाने गोळी नळीतून सुटते. टोपी, बारूद आणि गोळी अशी तिन्ही एका बारात संपतात. पितळ मात्र जळत नाही. ते फुगून नळीच्या खोबणीला चिकटतं आणि मागे उरतं. ती रिकामी पुंगळी पुन्हा वापरायची, एवढाच या उद्योगाचा पाया.

पुंगळी साफ करतात, दाबयंत्रात साच्यातून काढून मूळ मापाला आणतात, वापरलेली टोपी पाडतात. पितळ ताणून लांब झालं असेल तर कापून बरोबर करतात. नवी टोपी बसवतात, बारूद तोलून घालतात, वर गोळी दाबून बसवतात. ऐकायला सोपं आहे. खरी मेख तोलण्यात आहे.

बारुदीचं वजन ग्रेन या मापात करतात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. ७००० ग्रेनचा एक पौंड होतो, म्हणजे एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅम. सोनाराची गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅमची. म्हणजे ग्रेन गुंजेच्या जेमतेम निम्म्याने भरतो. कमाल भरणीवर दोन-तीन ग्रेन इकडचे तिकडे झाले की नळीतला दाब धोक्याच्या रेषेपलीकडे जाऊ शकतो. धूर न करणाऱ्या बारुदीचे डझनावारी प्रकार आहेत. दिसायला सारखे, पण जळण्याचा वेग वेगळा. एकाच्या जागी दुसरी पडली, किंवा मन विचलित होऊन एकाच पुंगळीत दोनदा पडली, तर बंदूक डोळ्यासमोर फुटते. म्हणून तिकडचे जाणते लोक प्रयोगशाळेत दाब मोजून छापलेल्या तक्त्याबाहेर जात नाहीत, कमी भरणीपासून सुरुवात करतात, टेबलावर एका वेळी एकच बारूद ठेवतात आणि बारुदीशेजारी विडी-सिगारेट येऊ देत नाहीत. फवारणीच्या औषधाची चिठ्ठी न वाचता पंप भरणाऱ्यांचं काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. इथे तर चूक सुधारायला दवाखाना गाठण्याइतकाही वेळ मिळत नाही.

ज्यांचं ते काम आहे, त्यांचं गणित

अमेरिकेत हा उद्योग रुजला याला कारणं आहेत. १८७० च्या सुमारास तिकडच्या माळरानावर रानरेडे मारणारे शिकारी दुकानापासून कोसोकोस दूर असत. शिसं आणि बारूद सोबत घेऊन तळावरच काडतूस भरण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. पुढे टोपीचाही एक गमतीचा योग जुळून आला. बर्डन नावाच्या अमेरिकन माणसाने काढलेली टोपी युरोपात रुजली आणि बॉक्सर नावाच्या इंग्रजाने काढलेली टोपी अमेरिकेत. बॉक्सरच्या पुंगळीला बुडाशी मधोमध एकच भोक असतं. त्यातून सळई घातली की जुनी टोपी सहज पडते. बर्डनच्या पुंगळीत हे काम किचकट. घरच्या घरी भरणं तिकडे फोफावलं त्याला हेही एक कारण.

आरसीबीएस हे या अवजारांतलं मोठं नाव. १९४३ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी ते काम सुरू केलं. नावातली पहिली दोन अक्षरं रॉक चक या प्राण्याची. खडकाळीत बिळं करून राहणारा, घुशीसारखा पण मोठा. त्याला मारायच्या गोळ्या तयार करण्याचा साचा, म्हणून ते नाव. स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला तिकडच्या केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही. धंदा म्हणून भरून विकायचं असेल तर लागतो. टोपी, बारूद, गोळी सुटी विकणारी दुकानं आहेत, तपासलेले तक्ते आहेत, चुकलं तर विचारायला जाणती माणसं आहेत. सगळी व्यवस्था मागे उभी आहे, म्हणून टेबलावरचं काम चालतं.

आता पैशाचं बोलू. घरी भरलेलं काडतूस स्वस्त पडतं असं ते सांगतात. हिशेब नीट पाहा. दाबयंत्र, साचे, तराजू, माप यांचा खर्च आधी करावा लागतो. तो वसूल व्हायला शेकड्यांनी, हजारांनी काडतुसं झाडावी लागतात. निशाणबाजीचा शौकीन ती झाडतो. शिवाय तो स्वतःच्या वेळेची मजुरी धरत नाही. हा हिशेब कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो ना? घरच्या माणसांची मजुरी आणि जमिनीचा खंड बाजूला ठेवून कापसाचा उत्पादन खर्च काढला की कापूसही फायद्यात दिसतो. दुसऱ्याने आपला असा हिशेब मांडला तर आपण भांडतो. मग तसाच हिशेब आपण स्वतःशी कशाला मांडायचा?

आपल्या राखणदाराला हंगामात लागतात किती बार? पाच-पंचवीस, आणि त्यातले निम्मे नुसत्या आवाजासाठी. एवढ्यासाठी यंत्र घेणारा शेतकरी म्हणजे दोन पायल्या दळायला गिरणी घालणारा. आपली अडचण काडतुसाच्या भावाची नंतरची आहे. आधी ते वेळेवर मिळण्याची आहे.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे बंदूक आणि काडतूस बाळगायला परवाना लागतो. कलम ५ प्रमाणे ते तयार करायला आणि विकायला वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतूस तयार करण्याचा परवाना नव्हे. कायद्याने दारूगोळ्याची जी व्याख्या केली आहे तिच्यात काडतुसाचे भाग आणि काडतूस तयार करण्याची यंत्रंही येतात. म्हणजे भरलेलं काडतूस सापडलं नाही तरी नुसत्या यंत्रावरून माणूस अडकू शकतो. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडून शस्त्र किंवा दारूगोळा तयार करण्याच्या गुन्ह्याला कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. पूर्वी ही शिक्षा ३ ते ७ वर्षं होती.

कुणी म्हणेल, अमका दुकानदार म्हणतो चालतं, तमका जमादार म्हणतो बघून घेऊ. अशा तोंडी ‘चालतं’वर सात वर्षं पणाला लावू नका. ज्याला शंका असेल त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना लेखी विचारावं आणि लेखी उत्तर येईपर्यंत हात लावू नये.

याहून वाईट वाटा गावात आधीच शिरल्या आहेत. कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवणारे आहेत. डुक्कर तो चावतं, तशी आपली गायही चावते, आणि खेळणं समजून लेकरूही हातात घेतं. शेताभोवती तारेत थेट वीज सोडणारे आहेत. त्या तारेला सकाळी शेजारी चिकटतो, नाहीतर मालक स्वतः. झटका मशीन ही वेगळी गोष्ट. तिचा झटका क्षणभराचा असतो, तो जनावराला हाकलतो, मारत नाही. घरातली वीज सरळ तारेत सोडणं म्हणजे राखण नव्हे, सदोष मनुष्यवध आहे. हे आम्ही आपल्याच माणसांना स्पष्ट सांगतो, कारण दुसरं कुणी सांगितलं तर ते आपल्याला पटणार नाही.

कुंपणच शेत खातं

आता सरकारच्या दारात जाऊ. हा कायदा मुळात कुणाचा? १८७८ साली लॉर्ड लिटनने शस्त्र कायदा आणला. गोऱ्यांना त्यातून सूट होती, परवाना फक्त काळ्यांना. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नागरिकांच्या मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. स्वातंत्र्य आलं आणि राज्यघटनेत तो हक्क आला नाही. त्याबद्दल आमची तक्रार नाही. प्रत्येक घरात बंदूक असावी असं आम्हाला वाटतही नाही. पण १९५९ च्या कायद्याने शेतकऱ्याला जे दिलं, ते तरी त्याच्या हाती पडू द्या.

काय दिलं आहे ते पाहा. कलम १३(३) म्हणतं की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. ठासणीची बंदूक अपुरी पडते असं अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. कलम १४ म्हणतं की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. म्हणजे तीन एकरवाल्याचाही हक्क तीस एकरवाल्याइतकाच. नाकारायचं झालं तर कारण लेखी नोंदवावं लागतं आणि कलम १८ खाली अपील करता येतं. कायद्याचं पुस्तक शेतकऱ्याच्या बाजूचं आहे. बाजू बदलते ती टेबलावर.

यातली विसंगती बघा. ठासणीची बंदूक म्हणजे काय? नळीत बारूद ओतायची, वर बोळा, मग छर्रे, गजाने ठासायचं, निप्पलवर टोपी चढवायची. म्हणजे काळोखात, पावसात, धुऱ्यावर उभं राहून, समोर चवताळलेलं डुक्कर असताना, हाताने भरणी करण्याचं काम सरकारने शेतकऱ्याला आधीच दिलेलं आहे. भरणीतल्या जोखमीचं कारण सांगायचं, आणि सगळ्यात जोखमीची भरणी मात्र शेतकऱ्याच्याच पदरात टाकायची. टोपी दमट झाली की बार फुसका, आणि दुसरा बार भरेपर्यंत कळप दुसऱ्याच्या वावरात. या बंदुकीत काळी बारूदच चालते. रायफलीची धूर न करणारी बारूद तिच्यात घातली तर नळी फुटते, हे बंदूक बाळगणाऱ्या प्रत्येकाने घरात सांगून ठेवावं.

आणि देशात दारूगोळ्याचा दुष्काळ आहे म्हणावं, तर तोही नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. १२ बोअरची शक्तिमान काडतुसं तिथलीच. जळगाव जिल्ह्यात, कापसाच्या मुलखात, वरणगावला काडतुसांचा कारखाना आहे. भंडाऱ्याच्या जवाहरनगरात बारूद तयार होते, भद्रावतीला तोफगोळे भरतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये जुनं आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या. त्यातली म्युनिशन्स इंडिया ही दारूगोळ्याची कंपनी पुण्यात बसते. आमच्याच जिल्ह्यांत बारूद भिजते, वाळते, भरते. आमच्याच पोरांनी ते धोक्याचं काम केलं. आणि त्याच मुलखातला शेतकरी रात्री पत्र्याचा डबा वाजवत हिंडतो. आडात पाणी आहे, पोहरा फुटका आहे.

फुटका कुठे ते सांगतो. बंदुकीचा परवाना गृहखात्याचा. जनावर मारायची परवानगी वनखात्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ उभ्या पिकाची नासाडी करणारं जनावर मारायची लेखी परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाला किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला देतं. एका खात्याचा कागद आला की दुसऱ्याचा संपलेला असतो. त्यात निवडणूक येते. २०२४ ची विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला झालं. ज्वारी हुरड्यात, कापूस वेचणीला, बरोबर तेच दिवस. शस्त्रं सरसकट जमा करू नयेत, तपासणी समितीने माणूस पाहून ठरवावं, अशी पद्धत ठरलेली आहे. पण माणूस पाहायला वेळ लागतो. सगळ्यांची जमा करून घेणं सोपं पडतं. डुकरांना आचारसंहिता लागू नाही, एवढं कुणाच्या ध्यानात येत नाही.

दुसऱ्यांनी काय केलं?

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर ठरावीक काळापुरते उपद्रवी ठरवले. जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादचे नेमबाज आणून नीलगायी मारल्या. केंद्राच्या दोन मंत्र्यांतच त्यावरून जुंपली. बाहेरचे नेमबाज आले, गेले. राखण शेतकऱ्याचीच राहिली. केरळने मे २०२२ मध्ये दुसरा रस्ता धरला. रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचे अधिकार पंचायत आणि नगरपालिकांच्या प्रमुखांना दिले. परवानाधारक नेमबाजांची यादी स्थानिक पातळीवर ठेवायची, आदेश गावातच निघायचा, नोंद ठेवायची. शेतकऱ्याचा अर्ज मुंबई-नागपूरच्या फायलीत फिरत नाही, एवढं तरी त्यात साधतं.

आमच्यावर आक्षेप येतील. जंगल कुणी तोडलं, जनावरं कुठे जाणार? प्रश्न खरा आहे. पण जंगलातल्या जनावराचा चारा फक्त जंगलाकाठच्या शेतकऱ्याच्या वावरातून जावा, हा न्याय कसला? वन्यप्राणी देशाचे असतील तर त्यांच्या पोटाचा खर्चही देशाने उचलावा. पंचनाम्याचे पैसे उत्पादन खर्चाने द्यावेत, मेहरबानी म्हणून नव्हे.

दुसरा आक्षेप आमच्या मनातलाही आहे. गावात बंदुका वाढल्या तर धुऱ्याच्या भांडणात त्या निघतील. भाऊबंदकी आपल्याला ठाऊक आहे, दारूही ठाऊक आहे. कर्जाने पिचलेल्या घरात बंदूक असणं म्हणजे काय, हेही कापूस पिकवणाऱ्या मुलखाला समजावून सांगावं लागू नये. म्हणूनच घरोघर बंदूक आणि घरोघर बारूद ही आमची मागणी नाही. काडतूस घरी भरू नये, हे आम्ही कायद्याच्या भीतीपोटी जितकं म्हणतो, तितकंच या घरांसाठीही म्हणतो. बारूद तुळईला टांगून ठेवायची वस्तू नाही.

जिल्हा बैठकीपुढे ठेवायच्या मागण्या

एक. पीकसंरक्षणाच्या परवान्याचे अर्ज पेरणीच्या आत निकाली काढावेत. नाकारले तर कारण लेखी द्यावं.

दोन. ठासणीची बंदूक अपुरी पडते हे जिथे वनखात्याच्याच पंचनाम्यांवरून दिसतं, तिथे कलम १३(३) मधली तरतूद वापरून १२ बोअरचे परवाने द्यावेत.

तीन. परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेइतकी काडतुसं सरकारी कारखान्यातून तालुक्याच्या ठिकाणी, छापील किमतीत मिळावीत. रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घ्याव्यात, म्हणजे घरी भरण्याचा मोहही राहणार नाही.

चार. शिवारातली दहा-वीस खातेदारांची राखण दोन प्रशिक्षित, निर्व्यसनी परवानाधारकांकडे द्यावी. कुणाकडे, ते ग्रामसभेने उघड ठरवावं. प्रत्येक बाराची नोंद वहीत व्हावी.

पाच. कलम ११ ची परवानगी देण्याचा अधिकार गावाच्या जवळात जवळ आणावा आणि उत्तराची मुदत तासांत असावी.

सहा. हंगामात निवडणूक आली तर पीकसंरक्षणाच्या परवान्यांची तपासणी आधी करावी, सरसकट जप्ती करू नये.

येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. परवान्याचे अर्ज कधी दिले, उत्तर कधी आलं किंवा आलंच नाही, नासाडीचे पंचनामे किती झाले, पैसे किती मिळाले, जागल करताना कुणी जखमी झालं काय. भाषणं पुष्कळ झाली. आता तारखांची यादी घेऊन जिल्हाधिकारी आणि उपवनसंरक्षक या दोघांना एकाच टेबलाशी बसवायचं आहे. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं तर दोघंही समोर असले पाहिजेत.

आणि तोपर्यंत कुणाच्या घरी यंत्र, सुटी बारूद, गावठी बॉम्ब असं काही आलं असेल तर त्याला समजावून सांगा. ज्वारी पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. हात पुन्हा उगवत नाही.